प्रयोगशाळेतील लाल चिठ्ठ्या आणि माझा अंतिम वर्षातील पुनःप्रवेश

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ कार्यालय,
मुख्य इमारत, दुसरा मजला.
(मार्फत: खिडकी क्रमांक तीन. खिडकी बंद असल्याने दाराखालच्या फटीतून.)

विषय: कार्यानुभवाचे वर्ष संपवून परत आल्यावर अंतिम वर्षाला नाव नोंदले जाण्याबाबत, तसेच रसायनशास्त्र प्रयोगशाळेला लागलेल्या कुलपाबाबत, ही दोन्ही प्रकरणे एकच असल्यामुळे.

संदर्भ: १) माझा मूळ अर्ज, जो आपल्या कार्यालयात आहे.
२) माझे स्मरणपत्र, जे आपल्या कार्यालयात नाही असे मला सांगण्यात आले आणि ज्याची पोच माझ्याकडे आहे.

महोदय,

१. मी रसायनशास्त्र विभागाची विद्यार्थिनी आहे, अशी सुरुवात करण्याची पद्धत आहे. परंतु मी विद्यार्थिनी आहे की नाही हाच या अर्जाचा मुद्दा असल्याने ते वाक्य मी तूर्त राखून ठेवते. तिसरे वर्ष संपेपर्यंत मी होते, याबद्दल वाद नाही. त्यानंतर नियमाप्रमाणे एक वर्ष बाहेर प्रत्यक्ष कामावर जाता येते आणि मग परत येऊन अंतिम वर्ष पूर्ण करता येते. कसे जावे याची माहिती माहितीपत्रकात चार पाने दिली आहे. कसे परत यावे याविषयी एक वाक्य आहे: ‘विद्यार्थ्याने परत यावे.’ मी त्याप्रमाणे आले आहे. या महिनाअखेरपर्यंत माझे नाव नोंदले गेले नाही तर माझी जागा रद्द होते, आणि परत येण्याची संधी एकदाच मिळते. म्हणून हा अर्ज लांब असला तरी आपण तो शेवटपर्यंत वाचावा अशी विनंती आहे.

२. कार्यानुभवाचे वर्ष मी औषधी गोळ्यांच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात काढले. तयार झालेल्या प्रत्येक खेपेतल्या थोड्या गोळ्या आमच्याकडे येत. आम्ही त्या कुटायचो, विरघळवायचो आणि त्यांच्यात जे असायला हवे ते आहे का, हे सांगायचो. विभागाच्या प्रमुखांना सगळे समोर ‘बाई’ म्हणत आणि मागे ‘भिंग’. पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, “इथं कुणावर विश्वास ठेवायचा नाही. काट्यावर नाही, बाटलीवर नाही, माझ्यावर तर मुळीच नाही. आधी तपासायचं, मग वापरायचं.” हे माझ्या स्वभावाला इतके मानवले की आता घरी मी दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचल्याखेरीज चहा घेत नाही. आईचे म्हणणे आहे की मला कामावर पाठवून तिने घरात तपासनीस आणून ठेवला.

३. त्या विभागात लाल चिठ्ठीची पद्धत होती. जी वस्तू बिघडलेली, मुदत संपलेली किंवा संशयास्पद आढळेल तिला दोऱ्याने लाल चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर छापलेले असे: ‘वापरू नये.’ खाली कारण आणि सही. तळाशी जाड अक्षरांत: ‘ही चिठ्ठी ज्या व्यक्तीने लावली, त्याच व्यक्तीने काढावी. इतर कोणीही हात लावू नये.’ या शेवटच्या ओळीमागचा विचार साधा आहे. स्वतः लावलेली चिठ्ठी काढताना माणूस दहादा विचार करतो, आणि दुसऱ्याने लावलेली काढताना एकदाही नाही. कारखान्यात ही ओळ सगळे पाळत. एकदा खुद्द मालकांच्या खुर्चीला, पाय हलतो म्हणून, सुताराने चिठ्ठी लावली आणि तो रजेवर गेला. तो परत येईपर्यंत मालक उभ्याने सह्या करत होते. त्यांनी त्याबद्दल कोणाला दम दिल्याचे मी पाहिले नाही.

४. त्या कारखान्याने मला कायमची नोकरी देऊ केली होती. हे सांगण्याचे कारण असे, की खिडकी क्रमांक तीनवरच्या ताईंनी मला विचारले, “परत आलात? बाहेर जमलं नाही का?” जमले होते. मी परत आले ती एका पांढऱ्या गोळीसाठी. ही गोळी कोरड्या हवेत अगदी स्वच्छ राही; हवा दमट झाली की गोदामाच्या एकाच कोपऱ्यातल्या डब्यांत तिच्यावर पिवळे ठिपके उमटत. बाकीचे गोदाम ठीक, तो एक कोपरा सोडून. मी बाईंना कारण विचारले. त्या म्हणाल्या, “पिवळी पडली, फेकली. विषय संपला.” मी म्हटले, पण का पडली? त्या म्हणाल्या, “ते शोधायचा पगार नाही मिळत, बाळ. तो नाद असेल तर शिकायला जा परत.” त्यांच्या दृष्टीने हा टोमणा होता. मला तो रस्ता वाटला. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी मी हाच विषय मागितला आणि विभागाने तो मंजूर केला. निघताना बाई म्हणाल्या, “तिथं गेल्यावर जरा डोळे मिटून वाग. फार बघशील तर वर्ष निघायचं नाही.” एका वर्षात त्यांनी दिलेल्या सल्ल्यांपैकी हा एकच मला पाळता आला नाही. माझ्या पांढऱ्या कोटाच्या खिशात लाल चिठ्ठ्यांचे एक पुडके राहून गेले होते.

५. आता प्रत्यक्ष घटना. नोंदणी व्हायची असली तरी प्रकल्प मंजूर असल्याने, पहिल्या दिवशी प्रयोगशाळेच्या काकांनी “अहो, आपलीच पोरगी आहे ही” असे दरवाजाला उद्देशून म्हणत मला आत घेतले. तिथे प्रात्यक्षिके घेण्यासाठी नेमलेल्या मॅडम म्हणजे तिसऱ्या वर्षापर्यंत माझ्याच बाकावर बसणारी माझी मैत्रीण निघाली. ती बाहेर न जाता सरळ पुढे शिकली, त्यामुळे मी विद्यार्थिनी होण्यापूर्वीच ती शिक्षिका झाली. मी सवयीप्रमाणे वजनकाट्यावर प्रमाणित वजन ठेवून पाहिले. काट्याने चार मिलिग्रॅम जास्त दाखवले. मी तिला सांगितले.

“अगं, तो चार जास्तच दाखवतो. सगळे चार वजा करतात. तूही कर आणि मोकळी हो.”

चार कोणी ठरवले, असे मी विचारले. “आमच्या आधीच्यांनी सांगितलं.” त्यांना कोणी सांगितले? “त्यांच्या आधीच्यांनी. आणि हे बघ, पोरांसमोर मला अगं-तुगं करू नकोस. मॅडम म्हण.”

मी “बरं, मॅडम” म्हणून वजन पुन्हा ठेवले. पंखा बंद असताना चूक दोन होती. पंखा लावल्यावर सात. शेजारच्या टेबलाला कोणी टेकले की काटा आपले मत पूर्णपणे बदलत असे. त्या पहिल्या वेळेनंतर चार हा आकडा मला पुन्हा मिळाला नाही. म्हणजे या विभागात एका पिढीने दुसरीला विश्वासाने दिलेला हा एकमेव स्थिरांक स्थिर नाही. कित्येक वर्षे प्रत्येक वजनातून चार वजा होत आले, आणि ते कशातून वजा झाले हे कोणालाच ठाऊक नाही. माझा हात खिशात गेला.

६. एकदा खिशात गेलेला हात लवकर थांबत नाही, हे मी मान्य करते. विषारी वाफा ओढून घेण्यासाठी असलेल्या काचेच्या कपाटात मी कागदाची पट्टी धरून पाहिली. ती हलली नाही. त्या कपाटात विद्यार्थ्यांच्या पिशव्या आणि एक चहाची किटली होती. चिठ्ठी लावली. डोळ्यांत काही उडाल्यास डोळे धुण्यासाठी जो नळ असतो त्याच्या भांड्यात एक रोप लावलेले होते. रोपाची प्रकृती उत्तम होती. तरीही चिठ्ठी लावली. तारीख नसलेल्या सर्व बाटल्यांना लावल्या. शेवटी ‘विष’ असे लेबल असलेली एक बरणी राहिली. काका घाईघाईने म्हणाले, “ताई, तिला नको. साखर आहे ती. पोरं चोरतात म्हणून तसं लिहिलंय.” कारखान्यात तोंडी निवेदन पुरावा म्हणून चालत नसे. तिलाही लावली, आणि कारणाच्या रकान्यात लिहिले: ‘विष नसल्याचा संशय.’

७. दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठाचे सुरक्षा अधिकारी प्रयोगशाळेत फेरीसाठी आले. ते याआधी कधी आले होते हे कोणालाही आठवत नाही, त्यामुळे या योगायोगाचा दोष माझ्याकडे येऊ नये. त्यांनी लाल चिठ्ठ्या पाहिल्या आणि बाहेरून कोणी मोठे तपासणी पथक येऊन गेले असा समज करून घेतला. मग त्यांनी चिठ्ठीची तळाची ओळ वाचली. एखादी सूचना या विद्यापीठात शेवटच्या ओळीपर्यंत वाचली गेल्याचे हे माझ्या माहितीतले पहिले उदाहरण आहे. त्यांनी प्रयोगशाळा रिकामी केली, कुलूप लावले आणि कुलपावर स्वतःची मोहोर लावली. मी ताबडतोब त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले की चिठ्ठ्या मी लावल्या आहेत, मीच काढते.

“तुम्ही कोण?”

विद्यार्थिनी, असे मी सांगितले. त्यांनी माझे ओळखपत्र यंत्रावर धरले, पडद्यावर पाहिले आणि ते परत केले. “इथं तर लिहिलंय तुम्ही कामावर बाहेर आहात. बाहेरच्या माणसाला आत सोडता येत नाही. कुलूप लावलंय.”

कुलूप कशामुळे लावले, असे मी विचारले. “चिठ्ठ्यांमुळे.” चिठ्ठ्या कोण काढू शकते? त्यांनी पुन्हा शेवटची ओळ पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटले की अडचण त्यांच्या लक्षात आली. पण ते म्हणाले, “मग तुम्ही आधी आत या, म्हणजे परत या म्हणतोय मी. रीतसर या.”

८. रीतसर येण्यासाठी मी खिडकी क्रमांक तीनवर गेले. तेथील ताईंनी सांगितले की माझी नोंद ‘बाहेर’वरून ‘अंतिम वर्ष’वर आणण्यासाठी, माझे प्रात्यक्षिक सुरू झाल्याचा विभागाचा शिक्का लागतो. विभागाने सांगितले की प्रयोगशाळा बंद असताना प्रात्यक्षिक सुरू होऊ शकत नाही. प्रयोगशाळा चिठ्ठ्या निघाल्यावर उघडेल. चिठ्ठ्या मी काढायच्या आहेत. मी नोंद झाल्यावर आत जाऊ शकते. हे वर्तुळ कुठून सुरू होते हे मला सांगता येणार नाही. माझा विषय रसायनशास्त्र आहे, भूमिती नाही. ताईंशी झालेले बोलणे मात्र जसेच्या तसे देते.

“मी काय करू सांगा. कॉम्प्युटर म्हणतो तुम्ही कारखान्यात आहात.”

“मी तुमच्यासमोर उभी आहे.”

“मला दिसताय हो तुम्ही. त्याला दिसायला पाहिजे ना.”

त्या माणूस म्हणून चांगल्या आहेत. त्यांनी मला बसायला स्टूल दिले आणि त्यांच्या मुलीने रसायनशास्त्र घ्यावे का, असे विचारले. मी माझे मत दिले नाही.

९. दरम्यान एक गोष्ट घडली जिच्याशी माझा संबंध नाही. लाल चिठ्ठ्या इमारतीच्या इतर भागांतही दिसू लागल्या. मोठ्या व्याख्यानगृहातल्या टेबलाला एक होती: ‘वापरू नये. कारण: आवाज मागे पोहोचत नाही.’ उपाहारगृहातल्या सूपच्या पातेल्याला एक. एका प्राध्यापकांच्या दाराला: ‘कारण: समजत नाही.’ खिडकी क्रमांक तीनला: ‘कारण: कायम बंद.’ याबाबत माझी चौकशी झाली. ते अक्षर माझे नाही, चिठ्ठ्या घरी रंगवलेल्या कागदाच्या आहेत, आणि दोराही वेगळा आहे. कारणे मात्र मी पडताळून पाहिली, ती बरोबर आढळली. आपल्या दालनाबाहेरच्या भिंतीवरील घड्याळालाही एक चिठ्ठी आहे. घड्याळ मी पाहिले आहे. त्याबाबत आपण स्वतः निर्णय घ्यावा. एकही चिठ्ठी कोणी काढलेली नाही, कारण प्रत्येकीवर ती शेवटची ओळ उतरवून काढलेली आहे आणि लावणारा पुढे येत नाही. सूप सध्या बंद आहे. त्याबद्दल एकही तक्रार आलेली नाही असे मला समजले.

१०. प्रयोगशाळा बंद असल्याने प्रथम वर्षाची मुले माझ्यावर खूश आहेत आणि मला जिन्यात वाट करून देतात. अंतिम वर्षाची मुले खूश नाहीत. त्यांचेही प्रकल्प आतच अडकले आहेत. ती वयाने माझ्याहून एका वर्षाने लहान असून मला ‘आजी’ म्हणतात. त्यांच्यातली एक मला म्हणाली, “आजी, तुमच्या तत्त्वांपायी आमचं श्राद्ध होणार.” हे म्हणणे मला झोंबले, कारण त्यात तथ्य आहे. म्हणून विभागप्रमुख सरांनी मला बोलावले तेव्हा मी तडजोडीच्या तयारीने गेले.

११. सर वाईट नाहीत. त्यांनी माझ्यासाठी स्वतःच्या हाताने एक माफीनामा लिहून आणला होता. त्यावर मी सही केली की ते आपल्या अधिकारात शिक्का देणार होते, माझी नोंद होणार होती आणि त्याच दुपारी प्रयोगशाळा उघडणार होती. मजकूर असा: ‘प्रयोगशाळेतील सर्व उपकरणे सुस्थितीत असताना मी अननुभवामुळे व नजरचुकीने त्यांवर चिठ्ठ्या लावल्या, याबद्दल मी दिलगीर आहे.’ मी पेन मागितले. ‘सर्व उपकरणे सुस्थितीत असताना’ खोडले. ‘अननुभवामुळे’ खोडले, कारण माझी अडचण अनुभवाचीच आहे. ‘नजरचुकीने’ही खोडले. सरांनी कागद हातात घेऊन पाहिला.

“मग यात उरलं काय?”

“माफी उरली, सर.”

“मुली, मी इथं वीस वर्षं आहे. त्या काट्यानं आजवर कुणाचं अडलं नाही.”

मी म्हटले की तो कोणालाच अडवत नाही, हीच त्याच्याविरुद्धची माझी तक्रार आहे. सरांनी पेन परत घेतले. मग म्हणाले, “घरी विचार. उद्या ये.”

१२. घरी विचारले. आई म्हणाली, “सही कर गं. तुझ्या सहीनं काटा बिघडणार नाही आणि सुधारणारही नाही. वर्ष तेवढं पदरात पडेल.” आई विज्ञान शिकलेली नाही, पण या वाक्यात मला कुठेही चूक सापडली नाही, आणि मी ती रात्रभर शोधत होते. शेवटी सापडली ती वाक्यात नाही, माझ्या प्रकल्पात. त्या पिवळ्या ठिपक्यांमागे जे काही आहे ते फार थोडे आहे. गोळीने किती ओलावा शोषला हे मला मिलिग्रॅममध्ये मोजायचे आहे, आणि तेही त्याच काट्यावर. तो सुस्थितीत आहे असे लिहून मी आत गेले, तर वर्षाच्या शेवटी माझ्या हातात जे उत्तर येईल त्यावर जगात फक्त एका माणसाचा विश्वास बसणार नाही, आणि ती मी असेन. एवढ्यासाठी मी नोकरी सोडून आले नव्हते. दुसऱ्या दिवशी सरांना तसे सांगितले. ते म्हणाले, “तुझी मर्जी,” आणि माफीनामा ड्रॉवरमध्ये ठेवला. ड्रॉवर लागत नव्हता. मी हात खिशाबाहेरच ठेवला.

१३. अशा रीतीने सर्व मार्ग संपले असता काल मला विद्यापीठाच्या शिस्तपालन समितीची नोटीस मिळाली. तिच्यात म्हटले आहे: ‘आपण, रसायनशास्त्र विभागाच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थिनी, यांनी कोणताही अधिकार नसताना विद्यापीठाच्या मालमत्तेवर चिठ्ठ्या लावल्या. आपणांस शिक्षा का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा करावा.’ ही नोटीस मी तीनदा वाचली. मग ग्रंथालयात जाऊन शिस्तपालनाची नियमावली वाचली. ती फक्त नोंदणी झालेल्या विद्यार्थ्यांना लागू आहे. बाहेरच्या व्यक्तीला शिक्षा करण्याचा समितीला अधिकार नाही. अशा व्यक्तीला फार तर फाटकापर्यंत सोडता येते.

१४. तरी माझा खुलासा पुढीलप्रमाणे. मला शिक्षा करण्यात यावी. कोणताही अधिकार नसताना मी चिठ्ठ्या लावल्या, हा आरोप अचूक आहे. आधी विभागाला सांगून, मग हात लावायला हवा होता. त्यामुळे इतरांचा खोळंबा झाला आणि त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. नियमावलीतली सर्वांत सौम्य शिक्षा ‘लेखी ताकीद देऊन ती विद्यार्थ्याच्या चालू वर्षाच्या फाईलला जोडणे’ अशी आहे. माझी चालू वर्षाची फाईल अस्तित्वात नाही. ती उघडावी, ताकीद जोडावी, आणि फाईल उघडल्याचा क्रमांक कॉम्प्युटरला कळवावा, म्हणजे मी त्याला दिसेन. याहून कडक शिक्षा द्यायची झाल्यास तीही मान्य आहे, फक्त ती अंतिम वर्षात भोगता येईल अशी असावी. बाटल्यांवर तारखा घालण्याचे काम दिल्यास मी ते शिक्षा समजून करीन.

१५. नोंद होताच त्याच दिवशी मी माझ्या सर्व चिठ्ठ्या स्वतः काढीन. वजनकाट्याची काढणार नाही. तो दुरुस्त करणारा माणूस येऊन गेल्यावर, माझ्यासमोर वजन ठेवून पाहिल्यावर काढीन. या एका अटीमुळे माझा अर्ज नामंजूर होणार असेल तर तसे लेखी कळवावे. मात्र त्या पत्रासोबत शिस्तपालन समितीची नोटीसही मागे घ्यावी लागेल, हे आपल्या निदर्शनास आणते. दोन्ही कागद एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. एक तर मी विद्यार्थिनी आहे आणि दोषी आहे, किंवा मी इथली कोणीच नाही आणि निर्दोष आहे. विचारांती मी पहिला पर्याय निवडला आहे.

शिक्षेच्या प्रतीक्षेत,
आपली (तसे ठरल्यास) विद्यार्थिनी,
(सही)

दिनांक: ९ ऑक्टोबर

सोबत:
१. स्मरणपत्राची पोच.
२. कारखान्याचे कार्यमुक्तीचे प्रमाणपत्र. त्यात ‘हिच्या नजरेतून काही सुटत नाही’ असा शेरा आहे. तो कौतुकाने लिहिलेला आहे.
३. वजनकाट्याच्या चुकीचा आलेख, पंख्यासह आणि पंख्याविना.
४. शिस्तपालन समितीची नोटीस, मूळ प्रत. काम झाल्यावर कृपया परत करावी. मला अंतिम वर्षाची विद्यार्थिनी म्हणणारे ओळखपत्र म्हणून सध्या माझ्याकडे तीच आहे.